काडीकिडा बघायला घेतलेलं १० एक्सचं भिंग, वर्षभर वापरून

मागच्या पावसाळ्यात सोनार वापरतात तसलं घडीचं भिंग घेतलं, १० एक्स म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, साडेतीनशे रुपये. वर्ष झालं, रोज खिशात असतं, म्हणून लिहितोय. किडे, बिया, फुलं बघायची आवड असलेल्यांना उपयोग होईल, खास करून आपल्या सोलापुरातल्या पोरांना, कारण मायक्रोस्कोप परवडत नाही म्हणून बरेच जण बघायचंच सोडून देतात.

घ्यायचं कारण एक बातमी होती. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ॲथर्टन टेबललँड्स भागात काडीकिड्याची नवीन जात नोंदवली गेली, ॲक्रोफिला अल्टा. मादी सुमारे ४० सेंटीमीटर लांब, वजन ४४ ग्रॅम. एवढा मोठा प्राणी आजवर कुणाला कसा दिसला नाही तर तो राहतो उंचावरच्या जंगलात, आणि तिथंही झाडांच्या शेंड्याला. मला मात्र लांबीपेक्षा एक दुसरीच गोष्ट डोक्यात बसली, ही जात वेगळी आहे हे ठरवताना तिची अंडीसुद्धा बघितली गेली. अंड्यावरून जात ओळखायची म्हणजे नक्की काय बघायचं, तेच मला बघायचं होतं.

आणि योगायोग असा की त्याच आठवड्यात विजापूर रोडला आमच्या घरामागच्या बोरीवर एक काडीकिडा सापडला. सात सेंटीमीटरचा, वाळक्या काडीच्या रंगाचा, वारा आला की काडीसारखाच हलायचा. बोरीच्या डहाळीसकट बरणीत ठेवला, वर जुन्या साडीचा तुकडा बांधला.

पहिला प्रयोग घरात होतं त्याच्यावर. अप्पा टॉवेलच्या कारखान्यात होते, त्यांचा पिक ग्लास अजून कपाटात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे कापड तपासायचं भिंग, घडी उघडली की तीन पात्यांवर उभा राहतो, खाली एक इंचाची चौकट, त्यात कापडाचे उभे आडवे धागे मोजायचे. सोलापुरात निम्म्या घरांत कधी ना कधी हा असेलच. पण त्याची उंची ठरलेली, वस्तू सपाट पाहिजे आणि हलायला नको, त्यामुळे चालत्या किड्याला तो कामाचा नाही. मग ऑनलाईन एक भिंग मागवलं, त्यावर ‘३० एक्स’ छापलेलं, आलं ते कडेला सगळं वाकडं आणि निळं जांभळं दाखवणारं. परत पाठवलं.

शेवटी मंगळवार पेठेत गेलो, सराफांच्या दुकानांकडे, तिथं एक काका सोनारकामाची हत्यारं विकतात. म्हणाले, "कशाला पायजे ओ, सोन्याला का घड्याळाला?" म्हटलं किडा बघायचाय काका. त्यांनी काही न विचारता तीन भिंगं काढली, एक दहाची नोट पुढं सरकवली आणि म्हणाले, "कडेला बघा, मधी सगळीच चांगली दिसतेत." हा सल्ला एकट्यानंच साडेतीनशेचा आहे. चांगल्या भिंगात तीन काचा एकत्र चिकटवलेल्या असतात, त्यामुळे कडेची रेषसुद्धा सरळ राहते आणि रंगाची झालर येत नाही. आणि ३० एक्सच्या नादाला लागू नका, १० एक्समध्ये वस्तू साधारण अडीच सेंटीमीटरवर धरता येते, ३० एक्सला एक सेंटीमीटरपेक्षा कमी, म्हणजे किडा भिंगाला टेकायची वेळ येते आणि उजेडही अडतो. भिंग डोळ्याला लावायचं आणि वस्तू जवळ आणायची, उलटं नाही. मला हे कळायला दोन दिवस गेले.

आता काय दिसलं ते सांगतो, कारण भिंगाची खरी परीक्षा तीच.

डोक्यामागचा छातीचा पहिला भाग अगदी आखूड, त्यानंतरचे दोन लांबच लांब. किडा काडीसारखा दिसतो तो मुख्यतः या दोन भागांमुळं आणि त्यामागच्या लांब पोटामुळं. तिसऱ्या भागाला पोटाचा पहिला खंड असा चिकटलेला असतो की नुसत्या डोळ्याला ते एकच वाटतं. भिंगातून मात्र पाठीवर आडवी बारीक शिवण दिसली, टॉवेलच्या काठाला असते तशी. नवीन जातीच्या वर्णनात या चिकटलेल्या खंडाची लांबी वेगळी दिलेली असते, तो कुठं सुरू होतो हे मला त्या शिवणीमुळं समजलं.

पुढच्या पायाची मांडी बुडाशी आत वाकलेली असते. का, तर पाय पुढं ताणून काडी व्हायचं म्हटलं की मधे डोकं येतं, त्या बाकात डोकं बरोबर बसतं! हे वाचलं होतं, पण प्रत्यक्ष दोन्ही पाय जोडून डोकं मधे गायब झालेलं बघितलं आणि घरात सगळ्यांना हाक मारून दाखवलं. अप्पा बराच वेळ बघत होते, म्हणाले, "मापात शिवलंय बघ."

पायाच्या टोकाला पावलाचे पाच तुकडे, शेवटी दोन नख्या आणि मधे एक मऊ गादी, काचेवर चिकटते ती. पण माझ्या किड्याचा डावा मधला पाय जरा आखूड होता आणि भिंगातून मोजले तर पावलाचे तुकडे चारच. आधी वाटलं मी चुकलो, तीन वेळा मोजले. नंतर कळलं की काडीकिड्याचा पाय संकटात मांडीच्या बुडातल्या सांध्यातून सुटतो, आणि लहानपणी सुटला तर पुढच्या कात टाकण्यांबरोबर परत उगवतो, पण उगवलेल्या पावलाला पाचऐवजी चार तुकडे येतात. म्हणजे जात नोंदवताना कुणी चुकून असा पाय मापाला घेतला तर आकडेच बिघडणार. चार की पाच हे साडेतीनशे रुपयांच्या भिंगात स्वच्छ दिसतं, याचं मला अजून नवल वाटतं.

एक काळजी सांगतो. छातीच्या पहिल्या भागात पुढच्या कोपऱ्यांजवळ दोन ग्रंथींची तोंडं असतात. आमच्या पाहुण्यानं काही फवारलं नाही, पण अमेरिकेतली एक जात तिथून असा द्रव उडवते की डोळ्यांची आग होते. भिंग लावलं की किडा डोळ्यापासून चार बोटांवर येतो, त्यामुळं चष्मा घाला.

तिसऱ्या दिवशी बरणीच्या तळाला सात आठ बिया पडलेल्या दिसल्या. बियाच वाटल्या, टाकून देणार होतो. ती अंडी! म्हणजे मादी होती. नर नसतानाही काही जातींच्या माद्या अंडी घालतात आणि त्यातून पिल्लं निघतात, शाळा कॉलेजात पाळतात तो दक्षिण भारतातला कॅरॉसियस मोरोसस तसाच. इथं मात्र अप्पांचा पिक ग्लास जिंकला. अंडी हलत नाहीत, चौकटीत एक ठेवलं की दोन्ही हात मोकळे, कडेच्या खुणांवर लांबी पण घेता येते, माझं अंडं अडीच मिलिमीटरच्या आसपास भरलं. एका टोकाला गोल झाकण, पिल्लू ते ढकलून बाहेर येतं. एका बाजूला लांबट पट्टी, तिच्यात बारीक छिद्र असतं, शुक्रजंतू आत जायची वाट. बऱ्याच जातींत झाकणावर एक गुंडी पण असते, मुंग्या त्या गुंडीसाठी अंडं बीसारखं उचलून वारुळात नेतात आणि आतलं पिल्लू सुरक्षित राहतं. झाकणाचा आकार, पट्टीची ठेवण, कवचावरचे खड्डे हे जातीजातीला वेगळं. हे सगळं एका अंड्यावर आहे हे बघून मी रात्री साडेअकरापर्यंत खिडकीशी बसलो होतो.

कवचाचे खड्डे मात्र १० एक्सला धूसरच राहतात. प्रत्येक भागाचं माप आणि जुन्या नमुन्यांशी तुलना केल्याशिवाय जात ठरत नाही, त्याला मायक्रोस्कोप आणि त्या विषयातला माणूस लागतो. मी फोटो आणि मापं वहीत लिहून ठेवलीत, चौथ्या दिवशी बाईंना त्याच बोरीवर सोडलं, अंडीपण तिथंच पाल्यात ठेवली.

भिंगाच्या तक्रारी दोन. घडीचा स्क्रू सहा महिन्यांत ढिला झाला, काकांनी फुकट आवळून दिला. आणि काच फक्त २१ मिलिमीटरची असल्यामुळं एका वेळी किड्याचा छोटा तुकडाच दिसतो, अख्खा दिसत नाही, सवय व्हायला वेळ लागतो. शर्टाच्या टोकानं पुसू नका, चष्म्याचं फडकं वापरा.

पाचपैकी साडेचार. दोरी सोबत मिळत नाही, ती पहिल्याच दिवशी बांधा, माझं भिंग एकदा बोरीखालच्या गवतात पडलं आणि शोधायला तासभर गेला.