फिलेमोनास पत्र : सुटकेची मागणी की फक्त समेट?

बायबलच्या नव्या करारातलं, ख्रिस्ती प्रेषित पौलाचं हे पत्र जेमतेम 25 ओव्यांचं (म्हणजे वचनांचं). तुरुंगातून तो फिलेमोनला लिहितो की तुझा गुलाम अनेसिम परत पाठवतोय. पण त्याचं पुढे काय करायचं?

एक वाचन म्हणतं, पौल फक्त समेट मागतोय. राग सोड, भाऊ म्हणून घरात घे; मालकी तशीच राहील. पौलाच्याच नावावर असलेल्या कलस्सैकरांस पत्रात दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलंय, त्याचा इथे आधार घेतात. मात्र ते पत्र पौलाचंच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अमेरिकेत 19व्या शतकात गुलामगिरीच्या समर्थकांना हेच वाचन सोयीचं वाटलं.

दुसरं वाचन म्हणतं, ही सुटकेचीच मागणी, फक्त आडवळणाने. 16वी ओवी पाहा: यापुढे दास म्हणून नव्हे, दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून, आणि तेही ‘देहाने व प्रभूमध्ये’ दोन्हीकडे. नातं केवळ आध्यात्मिक असतं, तर ‘देहाने’ कशाला? पुढे अनेसिमचं देणं पौल स्वतःच्या नावावर मांडायला सांगतो, ‘सांगतो त्याहून अधिक करशील’ म्हणतो आणि वर माझ्यासाठी खोली तयार ठेव! म्हणजे येऊन बघणारच. गोड शब्दांत धरलेला हा कान आहे.

मला दुसरं वाचन पटतं. पण ‘मुक्त कर’ हे शब्द पत्रात नाहीत, ही पहिल्या बाजूची जमेची गोष्ट. आणि अनेसिम ‘पळून गेला’ असंही पत्रात कुठे म्हटलेलं नाही. ते आपण धरून चालतो.