७एस२६ दुरुस्त करावं की एनएच३६ बसवावं?

सेकोचं एसकेएक्स००७ हे घड्याळ वापरणाऱ्याला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. आतलं ७एस२६ मशीन थकलं की भंगारातल्या दुसऱ्या ७एस२६चे भाग काढून तेच चालतं करायचं, की पुढच्या पिढीचं एनएच३६ अख्खंच बसवायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

आधी जुनंच राखायचं ठरवलं होतं. चोरबाजारातून एक बंद सेको आणलं आणि दादरच्या माझ्या घड्याळजींनी त्याचा बॅलन्स, म्हणजे वेळेचा ठेका धरणारं चाक, माझ्या मशीनला चढवला. त्याच पिढीचा भाग, बसला अगदी बरोबर. पण आधीच्या घड्याळात त्याने काय काय सोसलं होतं, कोण सांगणार? मनगटावर घड्याळ पुढे जायचं, रात्री उशाशी ठेवलं की मागे पडायचं.

नेमकं किती मागे, हेच कळेना. ७एस२६मध्ये चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नाही. त्यावर एक जुनी युक्ती आहे. चावी ओढायची आणि काटे उलटे फिरवतोय असा अगदी हलका दाब द्यायचा. काटा थबकतो, कधी किंचित मागेही सरकतो. तसंच धरून मोबाइलवरचे सेकंद शून्यावर यायची वाट बघायची. बोट जरा ढिलं पडलं की पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती जमली की नाही हे पाहायला आधी वेळ तर नीट लावता यायला हवी! महिनाभर रोज रात्री हे केलं आणि कंटाळलो. तुमच्या घड्याळजींकडे टाइमग्राफर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणारं यंत्र, असेल तर कदाचित तुम्हाला हा जाच होणार नाही.

एनएच३६मध्ये सेकंद काटा थांबतो, शिवाय हाताने चावी देता येते; ७एस२६ला ती फक्त मनगटाच्या हालचालीने मिळते. डायल आणि काटे जुनेच चालतात. दोन्ही मशीनचे ठोके ताशी २१,६००, त्यामुळे काट्याची चालही तीच.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. एसकेएक्सची चावी चारच्या बाजूला असते, म्हणजे मशीन केसमध्ये थोडं फिरवून बसतं. बाजारात मिळणाऱ्या एनएच३६च्या वार-तारीख छापलेल्या चकत्या बहुधा तीनच्या चावीसाठी छापलेल्या असतात, म्हणून खिडकीत तारीख तिरकी दिसते. माझी १७ तारीख चक्क कलंडली होती. उपाय जुन्या मशीनमध्येच आहे. ७एस२६च्या वार-तारखेच्या चकत्या काढून एनएच३६वर चढवायच्या, त्या बसतात. फक्त वाराची चकती धरणारी बारीक क्लिप चिमट्यातून उडते. आमची टेबलाखाली गेली आणि ती शोधण्यात अर्धा तास गेला.

परदेशी शौकीन भलतेसलते भाग जोडलेल्या घड्याळांना हिणवून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईकर म्हणून ते मला लागतं. त्यामुळे घड्याळ संग्रहात ठेवायचं असेल तर ७एस२६च राहू द्या, चांगला बॅलन्स मिळेपर्यंत थांबा. रोज घालायचं असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, मी आता मागे जाणार नाही.

माझ्या घड्याळाच्या पाठीवर अजून ७एस२६-००२० असंच कोरलेलं आहे. आत वेगळं मशीन आहे, हे घेणाऱ्याला सांगायलाच हवं. जुनं मशीन मी एका छोट्या डबीत जपून ठेवलंय. विकायची वेळ आली तर दोन्ही एकत्रच देईन.