चौकोनच तर छापायचेत, त्यात काय एवढं? (पोस्टर सेटचा रिव्ह्यू)

भौमितिक अमूर्त चित्रांच्या (म्हणजे नुसते चौकोन, गोल, रेघा) प्रिंट्सचा सेट ऑनलाइन मागवला होता, मालेविच, मोंद्रियान आणि लिसित्स्की या तीन चित्रकारांचा, वर गाबो या शिल्पकाराच्या शिल्पाचं एक फोटोकार्ड फुकट. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. कागद मस्त आहे, जाड, मॅट, लाइट पडला तरी चमकत नाही. पॅकिंगपण चांगलं. बोंब आहे ती छापलेल्या चित्रांची.

मोंद्रियानचं 1930 चं ते लाल-निळं-पिवळं चित्र, ओरिजिनल झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात आहे, जेमतेम 46 सेंटीमीटरचं आणि जवळपास चौरस. ह्यांचा कागद उभा. मग काय, कागद भरायला दोन्ही बाजूंनी चित्र कापलंय! उजवीकडे खाली जी पिवळ्याची बारीक पट्टी असते ती जवळजवळ गेलीच आणि डावीकडचा निळा अर्धा राहिला. अरे पण एवढा मोठा लाल चौकोन त्या दोन कोपऱ्यांच्या जोरावर तर सावरलेला असतो, ते कापले की सगळं चित्रच एका बाजूला कलतं. शिवाय मूळ चित्रात काळ्या रेघांची जाडी एकसारखी नाहीये, डावीकडची छोटी आडवी रेघ चांगली जाडजूड आहे, इथे मात्र सगळ्या रेघा सारख्याच, म्हणजे स्कॅन वगैरे काही नाही, कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून परत काढलंय. डिस्क्रिप्शनमध्ये मात्र 'हाय रेझोल्यूशन स्कॅन' लिहिलंय ठसक्यात.

मालेविचचा काळा चौकोन (1915, मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतला) तर विचारूच नका. खऱ्या चित्रात काळ्याला भेगा गेल्यात, त्यातून खालचे रंग डोकावतात, कडासुद्धा पट्टीने मारल्यासारख्या सरळ नाहीत. 2015 मध्ये तपासणी झाली तेव्हा काळ्याखाली आधीची दोन चित्रं सापडली, आता बोला. इथे ते सगळं पुसून गुळगुळीत काळं. झेरॉक्सवाल्याकडे मशीनचं झाकण उघडं ठेवून कॉपी मारली तर हेच मिळेल.

लिसित्स्की मात्र भारी आलाय! पांढऱ्या गोलात घुसलेली लाल पाचर, 1919 चं. ते मुळात पोस्टरच, छापून भिंतीवर लावायलाच केलेलं, त्यामुळे सपाट रंग त्याला शोभतो, आणि नशिबाने हा प्रिंट आडवा दिलाय त्यामुळे कापाकापी नाही. रशियन अक्षरंपण स्वच्छ दिसतात.

गाबोचं कार्ड ठीक. पारदर्शक प्लॅस्टिकवर ताणलेले नायलॉनचे धागे, ते बघायचे असतात भोवती फिरून, एका फोटोत काय कळणार.

कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर काय, 'फ्रेमच्या साइजनुसार इमेज ॲडजस्ट केली जाते'. रिप्लेसमेंट देऊ म्हणाले, पण फाइल तीच, मग उपयोग काय?

पाचपैकी दोन स्टार, एक कागदाला, एक लिसित्स्कीला. कुठूनही मागवणार असाल तर आधी प्रॉडक्टचा फोटो झूम करून मोंद्रियानच्या रेघांची जाडी बघा, आणि चित्र पूर्ण ठेवून चारी बाजूंनी मार्जिन सोडणार का ते लेखी विचारून घ्या.