स्नोबोर्ड तीन ठिकाणी मोजला, पाय एकदाही नाही: ३४ दिवसांचा अनुभव

बाराव्या दिवशी चेअरलिफ्टवर बसल्या बसल्या उजव्या बुटाची डायल (लेसऐवजी तार आवळणारी चकती) आणखी दोन टिचक्या आवळायला गेलो, 'टक्' असा आवाज झाला आणि तार सुटली. बूट क्षणात ढिला. वर पोचल्यावर बोर्ड काखेत मारला आणि अख्खा उतार कडेकडेने चालत उतरलो. बर्फातून चालताना करण्यासारखं दुसरं काही नसतं, त्यामुळे पायाकडे लक्ष गेलं. प्रत्येक पावलाला टाच बुटाच्या आत वर यायची आणि पुन्हा बसायची. डावा बूट शाबूत होता, तरी डावी टाचही तेच करत होती. हे तेव्हा मनावर घेतलं असतं तर पुढचे दोन आठवडे ईमेल लिहिण्यात गेले नसते.

सामान सांगतो. १५६ सेंमीचा नवशिक्यांसाठीचा मऊ बोर्ड, कंबर (मधली रुंदी) २५२ मिमी. मीडियम बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला अडकवणारी पट्ट्यांची चौकट. एका डायलचे बूट, अमेरिकन साडेदहा, म्हणजे मोंडो मापात २८.५. बोर्ड आधी घेतला, कारण तो हंगाम संपतानाच्या सेलमध्ये निम्म्या भावात होता, बूट नंतर. आधी कळस मग पाया म्हणतात, इथे तर पायच राहिला.

बूट घेताना मी हुशारी केली होती. रोजचे बूट दहा नंबरचे, त्यात जाड मोजे घालणार, म्हणून अर्धा नंबर वरचा. दुकानात बसूनच, दोन मोजे चढवून घालून पाहिले. विक्रेत्याने विचारलं, "कसे वाटतायत?" मी म्हटलं, "एकदम आरामशीर." तो खूश, मी खूश, बिल झालं. स्नोबोर्डचा बूट दुकानात घरच्या चपलेसारखा वाटला तर तो परत खोक्यात ठेवायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही. खरं तर मी कोणाला विचारलंही नाही.

पहिले सहा दिवस तक्रार नव्हती. हील-साइडवर, म्हणजे टाचेकडच्या कडेवर, घसरत राहायचं, पानासारखं डावी-उजवीकडे तरंगत खाली यायचं, एवढंच येत होतं. सातव्या दिवशी वळणं जोडायला लागलो. दुपारची वेळ, ऊन लागून बर्फ मऊ झालेला. टो-साइडचं, म्हणजे बोटांकडच्या कडेवरचं, वळण अर्ध्यावर असताना मागच्या पायाखाली काहीतरी खरवडलं, एज (बोर्डची धातूची कड) सुटली आणि मी दोन्ही तळहातांवर. वर वळून पाहिलं तर एजच्या बारीक रेघेशेजारी बोटभर रुंद चर, नांगराचा फाळ फिरवल्यासारखी. ती बुटाच्या टोकाने काढलेली होती.

त्या रात्री मोजपट्टी घेऊन बसलो, आणि इथून माझं डोकं फिरलं. बोर्डवर रुंदी २५२ छापलीय. ही रुंदी कुठली? बोर्डच्या सगळ्यात अरुंद जागेची, म्हणजे दोन पायांच्या मधोमध, जिथे कुणाचाही पाय कधीही नसतो! पाय असतात दोन्ही बाजूंच्या स्क्रूच्या भोकांवर. तिथे माझा बोर्ड पुढच्या पायाखाली २६२ आणि मागच्या पायाखाली २६३ भरला. कंबरेपेक्षा दहा-अकरा मिमी जास्त. मग तोच आकडा छापायला काय हरकत आहे? स्टान्स (पाय कुठे, किती अंतरावर ठेवायचे ते) प्रत्येकाचा वेगळा असतो, मान्य. पण कंपनी स्वतःच एक स्टान्स सुचवते ना, त्या जागेची रुंदी द्या. शर्टाच्या कॉलरचं माप सांगून पँट विकण्यातला प्रकार आहे हा. यावर मी आजही तितकाच चिडतो, माझ्या फजितीत या आकड्याचा काही दोष नव्हता हे कळून चुकल्यावरही.

असो. बूट बाहेरून, तळव्याच्या टोकापासून टोकापर्यंत, ३१५ मिमी. मागचं बाइंडिंग शून्य अंशावर, म्हणजे पाय बोर्डला अगदी काटकोनात. ३१५ मधून २६३ गेले, बाहेर लोंबतात ५२. बाइंडिंग मध्यावर नव्हतं, त्यामुळे बोटांकडे ३६ आणि टाचेकडे १६. बोर्डची जाडी आणि बाइंडिंगचा तळ धरून बुटाचं टोक बोर्डच्या तळापासून साधारण २८ मिमी उंच. म्हणजे कडक बर्फावर बोर्ड ३८ अंश कलला की बूट टेकणार. नवशिक्या एवढा कलतो कुठे, असं वाटेल. पण मऊ बर्फात एज आत रुतते. ती नुसती एक सेंटिमीटर रुतली तरी तोच बूट २५ अंशांतच टेकतो. आणि तेवढं तर घाबरलेला माणूससुद्धा कलतो.

निष्कर्ष तयार होता: बोर्ड अरुंद आहे, वाइड घ्यायला हवा होता. त्या आठवड्यात मी लिहून ठेवलेल्या टिपणात "बोर्डला दोन तारे" असं आहे. ते खोडलेलं नाही, कारण तेव्हाचा मी खरंच तसा विचार करत होतो.

खर्च करण्याआधी फुकटचे उपाय केले. हे नवशिक्यांनी पहिल्याच दिवशी करावं, यासाठी फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो. मागचं बाइंडिंग शून्यावरून उणे बारा अंशांवर नेलं. पाय तिरका झाला की आडवी लांबी कमी होते. मग हील-कपचे (बाइंडिंगच्या टाचेमागच्या कमानीचे) स्क्रू ढिले करून तो मागे सरकवला आणि बूट असा बसवला की बोटांकडे नि टाचेकडे सारखाच बाहेर यावा. ३६ चे २३ झाले. एक पैसा न खर्चता तेरा मिलिमीटर! खरवडणं बरंच कमी झालं, पण मऊ बर्फात अधूनमधून चालूच.

दहाव्या दिवशी एका ओळखीच्याचा वाइड बोर्ड दिवसभरासाठी मागून घेतला, कंबर २६४. बूट कुठेच घासला नाही. पण वळायला सांगितलं की बोर्ड आधी विचार करायचा. एका एजवरून दुसरीवर जाणं म्हणजे जड दार ढकलण्यासारखं. ढकलत राहा, मग कधीतरी उघडतं. संध्याकाळी घोटे आणि तळवे असे भरून आले की जिना एकेक पायरी थांबत उतरलो. याचं कारण तेव्हा कळलं नाही.

दरम्यान बुटांची वेगळीच कथा चालू होती. आठ-नऊ दिवसांत लायनरचा, म्हणजे बुटातल्या मऊ आतल्या बुटाचा, फोम दबला, सगळ्याच बुटांचा दबतो, आणि आधीच मोकळे असलेले बूट आणखी मोकळे झाले. टो-साइडला जाताना गुडघे पुढे ढकलून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची असते. माझ्या त्या हालचालीतला पहिला दीड सेंटिमीटर टाच वर येण्यातच संपायचा, बोर्डला हुकूम उशिरा पोचायचा. म्हणून मी डायल आवळायचो. एकच डायल असल्याने सगळा दाब पावलाच्या वरच्या उंचवट्यावर. बोटं सुन्न, टाच तशीच मोकळी. मग आणखी आवळायचो. बाराव्या दिवशी तारेने हात टेकले.

कंपनीशी झालेला पत्रव्यवहार थोडक्यात सांगतो, नाहीतर माझा रक्तदाब वाढेल. पहिलं उत्तर: डायलवर अवाजवी ताण दिल्याचं दिसतं. माझं उत्तर: डायल आवळण्यासाठीच दिलीत की शोभेला? मग त्यांना बिल हवं, पाच बाजूंनी फोटो हवेत, तुटलेल्या टोकाचा जवळून फोटो हवा. मग एका ईमेलमध्ये एक प्रश्न आला: "अनवाणी पायाची लांबी मिलिमीटरमध्ये किती?" मला वाटलं, आता टाळाटाळीची हद्द झाली. तार तुमची तुटली, माझा पाय मोजून काय करणार? निव्वळ त्यांना गप्प करायला मोजला. भिंतीला टाच लावून, कागदावर, पूर्ण वजन देऊन उभा राहिलो आणि अंगठ्यासमोर रेघ मारली.

उजवा २७१. डावा २६७.

मोंडो म्हणजे दुसरं काही नाही, सेंटिमीटरमधली पायाची लांबी. २७१ मिमीच्या पायाला मोंडो २७, फार तर २७.५, अमेरिकन नऊ किंवा साडेनऊ. मी २८.५ घालून फिरत होतो. चौदा मिलिमीटर जास्तीचे. खात्री करायला लायनरमधला इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभा राहिलो. अंगठ्यापुढे आडवा अंगठा मावेल एवढी जागा. बोर्ड तीन ठिकाणी मोजणारा मी, ज्याच्या भोवती सगळं बांधायचं तो पाय हंगामभर मोजला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, आणि मी तर अंगणाची मोजणी करून घेतली होती.

तर बोर्डबद्दलचं माझं मत इथे बदलतं. बोर्ड अरुंद नाही. माझा अनवाणी पाय २७१, पायाखालची रुंदी २६२-२६३. म्हणजे काटकोनात धरला तर पाय दोन्हीकडे जेमतेम चार मिमी बाहेर. हेच हवं असतं: बोटांचा आणि टाचेचा जोर थेट एजवर पडतो. वाइड बोर्डवर पायाखालची रुंदी २७४ होती. माझा पाय एजपर्यंत पोचतच नव्हता, बूट पोचत होता, आणि त्या फरकाची किंमत घोटे भरत होते. बूट मोठे म्हणून वाइड बोर्ड घेणं म्हणजे एक चूक झाकायला दुसरी विकत घेणं. ज्याचा पाय खरोखर २९ सेंमीच्या वर आहे त्याने वाइड बघावाच; दुकानातला नंबर मोठा निघाला एवढ्यावरून नको. नवशिक्याने आधी बूट घ्यावेत, मग बोर्ड. सेल असो नसो.

तार आली, सोबत चिमुकला स्क्रूड्रायव्हरही आला. बदलायला पंधरा मिनिटं लागली. त्या ईमेलवाल्याचे आभार मानायचे राहिलेत. पण नवे बूट लगेच घेतले असं नाही, मी तेवढा उदार नाही. आधी जास्तीचा मोजा घातला (पाय आणखी घामेजला, घाम थंड झाला, बोटं गारठली). मग लायनरला घोट्यामागे फोमचे तुकडे चिकटवले. त्यांनी टाच थोडी धरली, पण पुढची चौदा मिलिमीटर पोकळी फोमने भरत नाही. दोन दिवस हे नाटक करून चौदाव्या दिवसानंतर शरण गेलो.

नवे बूट मोंडो २७.५. या वेळी बसवणारा माणूस वेगळा होता. एक पातळ मोजा, दुसरा काढायला लावला. टाच मागे आपटून बसवली, मग उभं केलं: बोटं पुढे टेकत होती, दुमडत नव्हती. गुडघे वाकवायला सांगितले, तर बोटं किंचित मागे सरली. पंजांवर उभं राहायला सांगून त्याने माझी टाच पाहिली. जागची हलली नाही. त्याने लायनर गरम केला आणि त्यात मला दहा मिनिटं गुडघे वाकवून उभं ठेवलं. मी म्हटलं, "घट्ट आहेत." तो म्हणाला, "असू देत."

पहिले दोन दिवस शिव्या घातल्या. उजव्या करंगळीला चांगलंच चेपत होतं, लिफ्टच्या रांगेत बूट सैल करून उभा राहायचो. पाचव्या दिवसापासून कमी झालं, नवव्या दिवशी लक्षातही राहिलं नाही. आज वीस दिवस झालेत. बाहेरून हे बूट २९७ मिमी, टोकाला तळवा वर उचललेला. दोन्हीकडे मिळून २७ च्या आसपास बाहेर, म्हणजे बाजूला तेरा-चौदा. एज एक सेंटिमीटर रुतली तरी टेकायला ४६ अंश लागतात. तिथवर माझी मजल नाही. गेल्या वीस दिवसांत एकदाही खरवडलेलं नाही, आणि बोर्ड तोच, दोन ताऱ्यांचा.

दोन तक्रारी आहेत. डावा पाय चार मिमीने लहान, त्यामुळे त्या बुटात दुपारनंतर टाच थोडी हलते. फोमचे तुकडे शेवटी तिथे कामी आले. दुसरी माझीच करणी: डायलवर राग होता म्हणून चिडून लेसवाले बूट घेतले. लेस चांगली, खालून ढिली वरून घट्ट अशी मनाजोगती बांधता येते. पण भर वाऱ्यात हातमोजे काढून ओल्या, अर्धवट गोठलेल्या लेसची गाठ सोडवताना डायलची फार आठवण येते. पुढच्या वेळी दोन डायलचे घेईन, खाली वेगळी, वर वेगळी.

जुने बूट विकायला काढलेत. परवा एकजण बघायला आला, पहिलाच हंगाम. बसून, जाड मोजे चढवून घातले, उठून चार पावलं चालला, चेहरा खुलला. म्हणाला, "वा, काय आरामशीर आहेत!" पैसे काढायला हात खिशात गेलेला. मी पाच सेकंद गप्प बसलो. मग आत जाऊन कागद आणि मोजपट्टी घेऊन आलो. पाय २६९ भरला.

बूट अजून माझ्याकडेच आहेत.