‘फुल रिबिल्ट’ म्हणून विकलेलं स्नोमोबिलचं इंजिन

पावतीवर लिहिलं होतं : फुल रिबिल्ट, तपासलेलं, बसवा आणि चालवा. बर्फावर धावणाऱ्या गाडीचं हे इंजिन : टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, लिक्विड कूल्ड, 600 सीसीच्या वर्गातलं. केसिंगला ताजा काळा रंग, हेडचे बोल्ट नवेकोरे, आणि खोक्यात नव्या पिस्टनचे रिकामे डबे मुद्दाम ठेवलेले. बसवल्यावर लगेच सुरू झालं. कॉम्प्रेशन दोन्हीकडे सारखं, 125 पीएसआयच्या आसपास. पेट्रोलची पहिली टाकी संपायच्या आतच मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचा पिस्टन एक्झॉस्ट पोर्टसमोर (धूर बाहेर पडतो त्या खिडकीसमोर) चिकटला. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं, “तुमचा कार्बोरेटर लीन होता, म्हणजे पेट्रोल कमी सोडत होता, वॉरंटी लागू नाही.”

हे उत्तर खोडून काढणं जवळजवळ अशक्य असतं आणि या धंद्यातली सगळी लबाडी त्याच्यावरच उभी आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी पडून जळालेला पिस्टन आणि कुठून तरी जास्तीची हवा शिरून जळालेला पिस्टन दिसायला सारखेच. कार्बोरेटर तुमचा, पेट्रोल तुमचं, जोडणी तुमची. म्हणजे इंजिन एकदा सुरू केलं की विक्रेत्याकडचा दोष तुमच्या नावावर चढतो. त्यामुळे जे काही तपासायचं ते सुरू करण्याआधी, आणि तेही एकही मुख्य बोल्ट न हलवता, कारण “इंजिन खोललं तर वॉरंटी रद्द” ही अट हमखास लिहिलेली असते.

आधी या इंजिनात काय निघालं ते. वरचं काम खरंच झालेलं होतं : नवे पिस्टन, नव्या रिंगा, हेडची नवी पॅकिंग. गॅरेजच्या भाषेत हाफ इंजिन. पण खालचं केसिंग कधी उघडलंच नव्हतं. रंग खरवडला तर खाली जुन्या मळाचा थर, केसिंगच्या बोल्टच्या डोक्यांवर पान्याची एकही ताजी खूण नाही, दोन अर्ध्यांच्या सांध्यात कारखान्यातलं मूळ सीलंट अखंड. मॅग्नेटोच्या बाजूच्या क्रँक सीलची लिप (क्रँकच्या दांड्याला घासणारी रबरी कड) कडक होऊन चिरलेली होती. नखाने दाबली तर वाकायच्या ऐवजी तुकडा निघाला. त्या फटीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे खालच्या केसिंगमध्ये, कार्बोरेटरला वळसा घालून हवा शिरत होती. मिश्रण लीन, उष्णता वाढलेली, पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगलेला, तेलाचा थर तुटलेला. एक्झॉस्टची बाजू सगळ्यात गरम असते, म्हणून आधी तिथेच चिकटतो.

क्लचच्या बाजूचं मुख्य बेअरिंगही गेलेलंच होतं. बर्फाची गाडी वर्षातले बरेच महिने नुसती उभी असते. हवेतला ओलावा केसिंगच्या तळाशी जमतो आणि बेअरिंगच्या रेसवर गंजाचे खड्डे पडतात. अशा बेअरिंगचा आवाज लपवायला इनटेकमधून जाड तेल ओतून क्रँक फिरवायचा, बस्स. हेच तेल रिंगांपर्यंत पोचलं की कॉम्प्रेशनचा आकडाही गोड येतो. म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या कॉम्प्रेशनच्या व्हिडिओला आमच्या लेखी काडीची किंमत नाही. आकडा खरा असला तरी तो फक्त पिस्टन, रिंगा आणि हेडबद्दल बोलतो. क्रँक, बेअरिंग आणि सील यांच्याबद्दल गप्प असतो. कॉम्प्रेशन स्वतः घ्यायचं असेल तर दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, बॅटरी किंवा हाताचा जोर कमी न पडू देता घ्या. दोन सिलिंडरमध्ये 10 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर गडबड आहे. प्लगच्या भोकातून तेलाचे थेंब उडाले तर तो आकडा मोजूच नका.

खरी परीक्षा प्रेशर टेस्टची. टू-स्ट्रोकचं क्रँककेस हवाबंद असावं लागतं. ते हवाबंद आहे की नाही हे टेबलावर, इंजिन गाडीत बसवायच्या आधीच कळतं. सामान फार नाही : हातपंप, 0 ते 15 पीएसआयचा बारीक भागांचा गेज, कार्बोरेटरच्या रबरी बूटमध्ये घट्ट बसतील असे रबरी बूच आणि त्यावर क्लॅम्प, एक्झॉस्टच्या फ्लँजवर बसेल अशी पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्याखाली जुन्या ट्यूबचं रबर. प्लग लावलेले असू द्या. इंधनपंपाला जाणारी पल्सची नळी (क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांनी पंप चालवणारी) बंद करा. पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी-जास्त करणारे) असतील तर त्यांच्या जागीही पट्टी लावा, नाहीतर हवा तिथूनच निसटते आणि उगाच सीलवर आळ येतो.

हवा एका बुचातून आत सोडा, पल्सच्या निपलमधून नाही. पल्समधून भरली तर रीड (इनटेकच्या, फक्त आतल्या बाजूला उघडणाऱ्या पाकळ्या) बंद राहतात आणि रबरी बूट तपासायचे राहून जातात. आणि तडकलेला बूट म्हणजे गळक्या सीलचा सख्खा भाऊ. दोन्ही सिलिंडर एकदम बंद करूनच टेस्ट घ्या. बऱ्याच इंजिनांत दोन क्रँककेसमधलं सील लॅबिरिंथ पद्धतीचं (लिप नसलेलं, नुसत्या खाचांचं) असतं आणि त्यातून थोडी हवा इकडची तिकडे होतेच. दाब 6 ते 8 पीएसआयपर्यंतच न्या. त्याहून बराच चढवला तर चांगल्या सीलची लिपही उचलली जाऊ शकते. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग साबणाचं पाणी फवारून बुडबुडे शोधा : फ्लायव्हील पुलरने काढून मॅग्नेटोच्या बाजूचं सील, क्लचच्या बाजूचं सील, केसिंगचा सांधा, सिलिंडरच्या तळाची पॅकिंग, बूट. आधी आपलीच बुचं तपासा. निम्म्या वेळा गळती तिथेच निघते.

यानंतर बुचं आणि पट्ट्या तशाच ठेवून व्हॅक्यूमही लावून बघा, पण तो पल्सच्या निपलमधून, कारण बुचातून ओढला तर रीड बंद होतात. काही सील दाबाखाली शाफ्टला घट्ट चिकटतात आणि ओढ लागली की सुटतात. चालत्या इंजिनात दोन्ही गोष्टी आळीपाळीने होत असतात. या टेस्टचा सलग, न कापलेला व्हिडिओ घ्या : सुरुवातीला इंजिन नंबर, मग गेज, मग घड्याळ, मग बुडबुडे. सुरू न केलेल्या इंजिनाचा असा व्हिडिओ समोर ठेवला की कार्बोरेटरची गोष्ट सांगायला जागाच उरत नाही.

गळती निघाली तर “नुसतं सील बदलून टाका, पैसे कापून देतो” या गोड बोलण्याला भुलू नका. बऱ्याच स्नोमोबिल इंजिनांत क्रँक सीलच्या बाहेरच्या कडेला उंचवटा असतो आणि तो केसिंगच्या खाचेत बसतो. केसिंग दुभागल्याशिवाय ते सील निघत नाही. म्हणजे पुन्हा पूर्ण इंजिन खोलायचं, तेही आपल्या खर्चाने, आणि वॉरंटीही तिथेच संपली.

खालचं काम झालं आहे का हे बघायला केसिंग फोडायची गरज नाही. रीडचे ब्लॉक काढले की त्या खिडकीतून टॉर्च मारून क्रँकची चाकं, कनेक्टिंग रॉड आणि बिग एंडचं (रॉडच्या खालच्या टोकाचं) बेअरिंग दिसतं. लालसर डाग, निळसर पडलेला रॉड किंवा काळं चिकट तेल दिसलं तर नवा क्रँक ही थाप आहे. निळा रंग म्हणजे धातू कधीतरी भलताच तापलेला. रीडच्या पाकळ्यांची टोकं याच वेळी बघून घ्या. तुटलेला तुकडा आत गेला असेल तर तो पिस्टनमधून वाट काढतो. क्रँकच्या क्लचकडच्या टोकावर डायल गेज लावून हाताने सावकाश फिरवा आणि काटा किती हलतो, म्हणजे रनआउट किती, ते बघा. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलते, पण 0.05 मिमीच्या आसपास असेल तर ठीक, 0.1 मिमीच्या वर गेला तर क्रँक वाकलेला किंवा पिळलेला आहे. हे क्रँक तुकडे दाबून जोडलेले असतात. बेल्ट तुटून अडकला किंवा पिस्टन जोरात पकडला की चाकं पिनवर सरकतात, आणि वरून नवा पिस्टन घालून हा दोष झाकला जातो. रॉड वर-खाली हलवून बघा. खालच्या टोकाला टक्क असा जरासाही प्ले (सैलपणा) जाणवला तर बेअरिंग संपलंय. आडवा प्ले मात्र असतोच, तो फीलर गेजने मॅन्युअलशी ताडून बघायचा.

सिलिंडरची वेगळीच तऱ्हा. आजच्या बहुतेक स्नोमोबिल सिलिंडरना लोखंडी स्लीव्ह नसते. अॅल्युमिनियमवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचं कडक प्लेटिंग असतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहूनही पातळ. ते जुन्या पद्धतीने बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालता येत नाही. “बोअर करून पुढच्या साइझचा पिस्टन टाकलाय” असं कुणी म्हणालं तर एकच विचारा, पुन्हा प्लेटिंग कुठे केलं आणि त्याची पावती कुठे आहे. काही जण सँडपेपर घासून तिरप्या रेघा काढतात आणि तेच होनिंग (तेल धरणाऱ्या बारीक रेघांचं यंत्रावरचं काम) म्हणून दाखवतात. एक्झॉस्टच्या तोंडातून बोअरस्कोप घाला. पोर्टच्या कडेला प्लेटिंग सोललेलं दिसलं, नख अडकलं किंवा खालचा मऊ अॅल्युमिनियम चमकला तर सिलिंडर बाद. नव्याने प्लेट केलेल्या सिलिंडरच्या पोर्टची तीक्ष्ण कड घासून बोथट केलेली हवी. नसली तर रिंग अडकून तुटते. तिथूनच लाकडी काडीने रिंग हलकेच आत दाबा. स्प्रिंगसारखी परत आली तर मोकळी आहे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना, हेही प्लगच्या भोकातून बघून घ्या. उलटा बसला असेल तर रिंगची टोकं पोर्टच्या उघड्या तोंडावर येतात.

हेड न काढता स्क्विश, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना कडेला त्याच्यात आणि हेडमध्ये उरणारी फट, मोजता येतो. साधारण 3 मिमी जाडीची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत, पिस्टनच्या पिनच्या रेषेत सरकवा आणि क्रँक एकदा टीडीसीवरून (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेवरून) फिरवा. चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. दोन्ही बाजूंना 1.3 ते 1.7 मिमीच्या आसपास अपेक्षित. 2 मिमीच्या बराच वर आला तर सिलिंडरखाली दोन पॅकिंग घातल्याची शंका घ्या. त्याने कॉम्प्रेशन तर जातंच, शिवाय सगळ्या पोर्टचं टायमिंगही सरकतं. ही चोरी का करतात? बहुतेक वेळा आधीच घासलेला हेड किंवा चुकीच्या उंचीचा पिस्टन जमवून घेण्यासाठी.

रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) आणि पिस्टनची क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) मात्र सिलिंडर उचलल्याशिवाय मोजता येत नाही. ती विक्रेत्याकडून आकड्यांत मागा, शब्दांत नको. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजलेला, पिस्टन स्कर्टवर (खालच्या भागावर) पिनच्या काटकोनात मोजलेला, 80 मिमीच्या आसपासच्या बोअरला रिंग गॅप साधारण 0.3 ते 0.5 मिमी, क्रँकचा रनआउट, प्रेशर टेस्टचा निकाल. ज्याने काम केलंय त्याच्याकडे हे आकडे असतातच. “सगळं कंपनीच्या मापात आहे” हे उत्तर आलं की पैसे खिशातच ठेवा.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण कधीकधी विक्रेता खरा असतो. जुनं इंजिन ज्या कारणाने जळालं ते कारण गाडीत तसंच असेल तर नवंही जळणार. कार्बोरेटर पूर्ण खोलून पायलट जेट उजेडात धरून बघा. उभ्या गाडीतल्या शिळ्या पेट्रोलचा डिंक आधी तिथेच बसतो. थंडी वाढली की हवा दाट होते आणि मेन जेट मोठा लागतो, तेव्हा जेट तिथल्या तापमानाला आणि उंचीला धरून निवडा. पेट्रोल ताजं. तेलाच्या पंपाची खूण थ्रॉटलशी जुळवा, नळ्यांतली हवा काढा आणि पहिल्या टाकीत पंपाच्या तेलाच्या जोडीला पेट्रोलमध्येही 50:1 प्रमाणात तेल मिसळा. क्रँकचा निमुळता भाग आणि क्लचचं आतलं तोंड कोरडं, स्वच्छ पुसा. तिथे ग्रीस लावायचं नाही. इंजिन माउंटचं रबर बसलं असेल तर दोन्ही क्लच सरळ रेषेत येत नाहीत आणि बेल्टबरोबर क्रँकच्या त्या बाजूच्या बेअरिंगवरही भार येतो. कूलंट भरताना गाडीचं नाक उंच करून हवा काढा. बर्फ नसताना स्टँडवर फार वेळ चालवू नका. ट्रॅकने उडवलेला बर्फ हीट एक्स्चेंजरवर पडला तरच ते थंड होतात. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नसेल तर तत्क्षणी बंद करा. ही हवेच्या गळतीची खूण आहे.

पैशांच्या बाबतीत : परत मागता येईल अशाच मार्गाने द्या आणि प्रेशर टेस्ट पार पडेपर्यंत जुनं इंजिन बदल्यात पाठवू नका. बहुतेक सौद्यांत जुनं इंजिन पोचल्यावरच अनामत परत मिळते, आणि ते एकदा हातचं गेलं की घासाघीस करायला काही उरत नाही. “प्रेशर टेस्ट आणि रीड काढून केलेली तपासणी म्हणजे इंजिन खोलणं नव्हे” हे एक वाक्य खरेदीच्या आधी लेखी घ्या. इंजिन जळालंच तर पिस्टन, सील आणि प्लग धुऊ नका. बाजूवार वेगळ्या पिशव्यांत भरून, चिठ्ठी लावून ठेवा. प्लगवर चिकटलेले अॅल्युमिनियमचे कण आणि चिरलेली लिप धुतली की तक्रारीत दाखवायला काही राहत नाही.