दोन टनी इंजिन क्रेन : स्टिकरवरचा आकडा आणि बूमची भोकं

होंडा सिव्हिकमधलं (1992 ते 95 ची पिढी) 1493 सीसीचं इंजिन उतरवून तिथे होंडाचंच 1595 सीसीचं बी16ए इंजिन बसवायचं, तेही घरीच, म्हणून ही घडीची क्रेन घेतली. कामाला मी आणि माझी मुलगी. जुनं काढलं, नवं बसवलं, क्लचमध्ये घोळ झाला म्हणून ते पुन्हा काढून पुन्हा बसवलं. एवढं झाल्यावर लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव देत नाही. ह्याच साच्यातल्या क्रेन निरनिराळ्या रंगांत मिळतात.

स्टिकरवर ठळक '2 टन' लिहिलंय, त्याला भुलू नका. बूम म्हणजे क्रेनचा पुढे ओढता येणारा आडवा दांडा, त्याला लांबी ठरवायची चार भोकं आहेत. बूम पूर्ण आत असेल तरच दोन टन. पूर्ण बाहेर ओढली की 500 किलो. आणि हुक इंजिनाच्या बरोबर डोक्यावर आणायचा तर ती बाहेर ओढावीच लागते. आमचं इंजिन गिअरबॉक्ससकट दोनशे किलोच्या आसपास, त्यामुळे निभावलं. बंपर उतरवला की क्रेन आणखी पुढे सरकते आणि एक भोक आत येता येतं. तेवढा आळस करू नका.

खरी गोची पायांची. छोट्या गाडीचं नाक जमिनीला टेकल्यासारखं, क्रेनचे पाय खाली जाईनात. म्हणून गाडी जॅक स्टँडवर (खालून आधार देणाऱ्या लोखंडी घोड्यांवर) चढवली. पण गाडी जितकी वर, तितकंच इंजिनही जास्त उचलायला लागतं! पंप मारून मारून रॅम (बूम उचलणारा तेलाचा जॅक) संपला आणि चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) रेडिएटरच्या पट्टीला तीन बोटं कमी पडून अडकला. वरून लेव्हलर (हुक आणि इंजिन ह्यांच्यामधली, इंजिन तिरकं करायची स्क्रूची पट्टी) टांगलेला, तो वीतभर उंची खातो ते वेगळंच. शेवटी इंजिन परत खाली घेतलं, साखळीच्या कड्या कमी केल्या, स्टँड एक खाच उतरवले, तेव्हा कुठे ते पट्टीवरून पार झालं.

तरीही लेव्हलर घ्याच. क्रेनपेक्षा मला तोच जास्त आवडला. हँडल फिरवलं की गिअरबॉक्सची बाजू खाली झुकते, टायमिंग बेल्टची बाजू वर येते, आणि आडवं इंजिन त्या अरुंद खोबणीतून तिरकं निघतं. बसवताना तर माउंटिंगचं भोक आणि बोल्ट समोरासमोर आणायला अर्धी फेरी इकडे, पाव फेरी तिकडे. त्याचा स्क्रू कोरडा येतो, ग्रीस आधी भरा. आम्ही नाही भरलं. दर फेरीला असा किंचाळायचा की शेजारचे डोकावून गेले.

उतरवायच्या व्हॉल्व्हला मात्र माझे शून्य मार्क. सैल होईपर्यंत काहीच नाही, आणि एकदम धाडकन. नवं इंजिन चार बोटं खाली आलं, माझा हात कडेला होता म्हणून वाचला. त्यानंतर व्हॉल्व्ह मुलीकडे दिला. "बाबा, मी फिरवते, तुम्ही नुसतं बघा," असं म्हणून तिने केसभर केसभर करत उतरवलं. शिवाय रॅम रात्रीतून बोटभर खचतो. लटकतं इंजिन ठेवून जेवायलाही जाऊ नका. खाली जुना टायर टाकून त्यावर टेकवा.

चाकं लोखंडी. लादीच्या फटीत एक अडकलं की सगळं झुलतं. प्लायचा तुकडा टाकला, काम झालं.

बाकी माउंटिंगचे ब्रॅकेट, चाकाकडे जाणारा मधला शाफ्ट, व्हीटेक सोलेनॉइडची (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी विजेची कळ) आणि नॉक सेन्सरची (इंजिनाची ठोक ओळखणारा) नवी वायर, ह्यांतच आमचे शनिवार-रविवार गेले, पण त्यात क्रेनचा दोष नाही.

घेण्याआधी दोनच मापं घ्या : पायांची उंची, आणि बूम पूर्ण बाहेर असताना हुक जमिनीपासून किती वर जातो. डब्यावर दोन्ही छापलेली नव्हती. आणि घडी करून कोपऱ्यात उभी केलीत तर पंपाचा दांडा काढून ठेवा. नेमका नडगीच्या उंचीला येतो.