तिकाल: पहाट राहू द्या, गाइड घ्या

तिकालला जायचं म्हणून जवळच्या फ्लोरेस गावात उतरलं की जो तो तुम्हाला पहाट विकायला बघतो. हॉटेलचा काउंटर, गल्लीतलं टूरचं दुकान, टुकटुकवाला, सगळ्यांकडे एकच फोटो: धुक्यातून डोकं वर काढलेली देवळं आणि मागे लालभडक सूर्य. ग्वाटेमालाच्या उत्तरेला, पेतेनच्या जंगलात असलेलं हे माया लोकांचं शहर बघायला आम्ही फेब्रुवारीत गेलो. मी, आमचे हे आणि ह्यूस्टनला असते ती आमची लेक. पहाटेची टूरही केली आणि दुसऱ्या दिवशी साध्या तिकिटावर उजेडातही फिरलो, त्यामुळे दोन्हींबद्दल सांगू शकते.

आधी पहाटेचं. रात्री तीनला गाडी निघते. जंगलातून बॅटरीच्या उजेडात चालत जायचं आणि चार नंबरच्या देवळावर लाकडी जिन्याने चढायचं. हे देऊळ सुमारे ६५ मीटर उंच, इसवी सन ७४१च्या सुमाराचं, यिकिन चान काविल या राजाच्या काळातलं. वर पायऱ्यांवर दाटीवाटीने बसायचं आणि गप्प राहायचं. उजाडलं, पण सूर्य काही दिसला नाही. पांढरं धुकं तेवढं होतं. पेतेनमध्ये सकाळी हे नेहमीचंच, हे आमच्या टूरवाल्याने पैसे मोजून घेतल्यावर सांगितलं. गाइड एक आणि आम्ही वीसेक जण. त्याने निम्मा वेळ २०१२ साली जग बुडणार होतं त्याच्या गप्पांत आणि परग्रहवासीयांत घालवला. पुढच्या गटाची वेळ झाली म्हणून मुख्य चौकातून आम्हाला अक्षरशः पळवत नेलं.

एक गोष्ट मात्र कबूल. अंधारात हाउलर माकडं ओरडायला लागतात तेव्हा पोटात गोळा येतो. एवढंसं माकड आणि आवाज घाटात गिअर बदलणाऱ्या ट्रकचा. पहाटेच्या टूरला मी पाचपैकी दोन देईन, ते दोन्ही माकडांचे. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला तिकीट १५० केत्साल (तिथलं चलन) होतं आणि सूर्योदयासाठी वर आणखी १००. शिवाय माकडं सहा वाजता गेट उघडल्यावरही ओरडतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता दुसरा दिवस. पार्कच्या दाराशी इंग्वाटचं, म्हणजे तिथल्या पर्यटन संस्थेचं, ओळखपत्र गळ्यात घातलेले गाइड बसलेले असतात. त्यांतला एक पन्नाशीचा माणूस आम्ही तिघांसाठीच घेतला. जन्म पेतेनचा, वडील जंगलात चिकल, म्हणजे च्युइंग गमचा चीक, गोळा करणारे. निघतानाच त्याने विचारलं, तुम्हाला काय बघायचंय? मी म्हटलं, बाबा रे, मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेली बाई. इथे जवळ नदी नाही, शहर एवढं मोठं, मग ही माणसं पाणी कुठलं पीत होती ते दाखव. त्याचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

इथली जमीन चुनखडीची. पाऊस धो धो पडतो आणि खाली झिरपून जातो. पावसाळा संपला की पुढचे काही महिने कोरडेच. म्हणून यांनी अख्खं शहरच पाणलोट केलं. चौक, अंगणं, रस्ते सगळे चुन्याच्या गिलाव्याचे आणि बेताचा उतार दिलेले, त्यावरचं पाणी खालच्या तलावांत. दगडासाठी खणलेल्या खाणींचेच पुढे तलाव झाले. आपल्याकडे गडांवर टाकी खोदून निघालेला दगड बांधकामाला वापरला, तोच हिशेब. मधल्या राजवाड्यामागे गाइडने एक झाडी भरलेली घळ दाखवली. वरून जाणारा रस्ता म्हणजे धरणाची भिंत: सुमारे ८० मीटर लांब, १० मीटर उंच, मागे ७५,००० घनमीटर पाणी मावेल एवढी जागा. साडेसात कोटी लिटर! मी तिथेच कठड्याशी बसले. लेक म्हणाली, "आई, देऊळ तिकडे आहे." देऊळ कुठे पळून जातंय?

कोरिएन्ताल नावाच्या दुसऱ्या तलावाच्या गाळात संशोधकांना झिओलाइट नावाचं खनिज आणि स्फटिकासारखी वाळू सापडली. दोन्ही तिथल्या जमिनीतलं नाही. पाणी गाळायला मुद्दाम लांबून आणलेलं, हा निष्कर्ष २०२०मध्ये छापून आला. त्याच वर्षी दुसरंही एक आलं: राजवाड्याजवळच्या तलावांत पारा आणि विषारी शेवाळ. पारा हिंगुळाचा, भिंती आणि थडगी लाल रंगवायला वापरायचे त्यातला, पावसाने धुऊन खाली आलेला. म्हणजे राजाच्या दाराशी असलेलं पाणी सगळ्यात वाईट. नवव्या शतकात शहर रिकामं का झालं याची कारणं बरीच सांगतात, त्यात दुष्काळही आहे. तारीख कोरलेला शेवटचा दगड ८६९चा.

देवळं बघितली नाहीत असं समजू नका. मुख्य चौकात एक नंबरचं देऊळ, ४७ मीटर, मान मागे टाकून बघावं लागतं. खाली हासाव चान काविलची कबर. याच राजाने ६९५मध्ये कालाकमुल या वैरी माया शहराला हरवून तिकालला पुन्हा उभं केलं. त्यावर चढू देत नाहीत, ते बरंच आहे. समोरच्या दोन नंबरवर मागच्या जिन्याने जाता येतं आणि चौक तिथूनच उत्तम दिसतो. लोक चार नंबरच्या गर्दीत असतात तेव्हा इथे या.

गाइडने वाटेत एका खोडावर आडव्यातिडव्या जुन्या चिरा दाखवल्या. च्युइंग गमसाठी चीक काढायचे त्या खुणा. झाड चिकूचं! आपल्या घोलवडच्या बागांतल्या चिकूचं मूळ रानटी कूळ या भागातलं. याचंच लाकूड देवळांच्या दारांवर तुळई म्हणून बसवलंय आणि बाराशे वर्षांनी काही तुळया अजून जागेवर आहेत. आमचे हे तोवर "किती चालायचं?" करत होते, ते इथे खरंच थांबले. चार नंबरच्या देवळातल्या कोरीव तुळया मात्र एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडला गेल्या, त्या बासेलच्या संग्रहालयात आहेत. त्याबद्दल बोलताना गाइडचा आवाज जरा चढला, आणि का चढू नये?

त्याने फी टूरच्या तिघांच्या पैशांपेक्षा थोडी जास्तच घेतली. वर टीप दिली तीही खुशीने. दोन अडचणी सांगते. इंग्रजी त्याचं कामचलाऊ, लेकीला स्पॅनिश येतं म्हणून निभावलं. आणि वेळेचं भान नाही, आम्ही जेवायला अडीचला पोचलो.

जेवण पार्किंगजवळच्या खानावळीत. काळे घेवडे, भात, मक्याच्या गरम पोळ्या, सोबत लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत. शाकाहारी असाल तर घेवड्यांत डुकराची चरबी आहे का ते आधी विचारा, "सिन मान्तेका" म्हणायचं. आम्हाला दुसऱ्या पातेल्यातले दिले. चव साधी, मीठ कमी, भूक लागली की छान. खाणं टेबलावर ठेवून उठू नका, कोआटी नावाचे लांब शेपटीचे प्राणी टोळीने येतात आणि पिशवीच पळवतात.

बूट पकडीचे घाला, चुनखडी ओली झाली की घसरते. डासांचं मलम घ्या, पाणी जास्त घ्या, आत दुकानं फारशी नाहीत. गुडघे कुरकुरत असतील तर चार नंबर सोडून द्या आणि धरणाच्या रस्त्यावरून मात्र नक्की चाला, तो सपाट आहे.